शुक्रवारच्या पट्ट्या

आमच्या छावणीतल्या सगळ्या पुढाऱ्यांचे उजवे हात एकदमच निकामी झाले आणि एकदमच बरेही झाले. हे दोन्ही चमत्कार मी जवळून पाहिले, कारण त्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या त्या मीच.

छावणी हे नाव सवयीने राहिले आहे. कूफ्याहून खाली, फुरात नदीच्या काठाला माझ्या सासऱ्यांच्या पिढीने राहुट्या ठोकल्या, पुढे बोरूच्या झोपड्या उभ्या केल्या आणि त्या जळाल्यावर विटांची घरे बांधली. मी लग्न होऊन आले तेव्हा भाले दाराशी उभे असत. आता त्यांच्यावर कांदे वाळत घालतात. भाले उतरले तसतशा गोष्टी मात्र चढत गेल्या. चौकात बसलेल्या कुणालाही विचारा, इराणी फौजेशी झालेल्या कादिसियाच्या लढाईत तो सगळ्यात पुढे होता. मागे कोण होते ते आजवर कळलेले नाही.

मी हाडे बसवते, जखमा बांधते, बाळंतपणे करते. माझे पती खिराश दानात आलेले सरकारी उंट राखत असत आणि त्यांना खजिन्याची खूण डागत असत. या पट्ट्यांच्याच आठवड्यात एका तरण्या उंटाने मान झटकली, तापलेली डागणी उलटली आणि खिराश यांच्या उजव्या तळहातावर पडली. कातडी सोलून निघाली. मी मध लावून हात बांधला, ताप चढला तशी सातूची पेज पाजली आणि घराबाहेर पडायचे नाही असे बजावले.

गुरुवारी सकाळी दवंडी आली. उद्या जुम्याच्या नमाजानंतर छावणीने बैअत द्यायची होती. म्हणजे कूफ्याच्या अमीराच्या नायबाच्या हातात आपला उजवा हात द्यायचा आणि निष्ठेचा शब्द बोलायचा. दमास्कसचे खलिफा हयात होते, धडधाकट होते. शब्द मागितला होता त्यांच्या मुलासाठी, बापामागून तो गादीवर यावा म्हणून. गादी हा शब्द आमच्याकडे तोवर इराणी राजांपुरताच वापरत असत, आणि तोही नाक मुरडून.

माझे सासरे मदिनेहून आलेले. त्यांनी पहिल्या खलिफांना हात दिला होता. त्या वेळी लोक मशिदीत उभे राहून खलिफांना प्रश्न विचारीत आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नसत, असे ते सांगत. उंटांचा कळप बापाकडून मुलाकडे जातो, माणसे जात नाहीत, हेही त्यांचेच वाक्य. छावणीतल्या प्रत्येक पुढाऱ्याला ते पाठ होते आणि प्रत्येक जण ते स्वतःचे म्हणून सांगे.

दुपारी अबू मुजाहिमच्या अंगणात बैठक भरली. अबू मुजाहिम आमच्या मोहल्ल्याचा म्होरक्या, लढाईत टोळीचे निशाण धरण्याचा मान त्याचा. मी नको म्हणत असताना खिराश गेले आणि ताप असूनही उजळलेल्या चेहऱ्याने परत आले. सगळ्यांनी एकमताने ठरवले होते की हात द्यायचा नाही. सिमाक नावाचा आमचा वक्ता आहे, त्याचे भाषण ऐकून म्हातारी माणसे रडली म्हणे. कबीसाने तर तलवार मागवली होती, पण ती म्यानातून निघेना, म्हणून तिच्यावाचूनच शपथ झाली.

"सगळेच नाही म्हणाले तर नायब कुणाकुणाला हद्दपार करणार?" खिराश म्हणाले.

हद्दपारी म्हणजे खुरासान. नको असलेली माणसे त्या वर्षांत कुटुंबासकट मर्वकडे धाडली जात, सरहद्द राखायला. तिकडून फक्त निरोप येत. माझी एकुलती एक मुलगी लुबाबा पलीकडच्या मोहल्ल्यात दिलेली होती आणि तिचे पहिलेच दिवस भरत आले होते. गर्भ आडवा होता. रोज सकाळी जाऊन मी तो हळूहळू वळवत होते. छावणीत हे काम येणारे दुसरे कुणी नव्हते. मला मर्वच्या वाटेला लागावे लागले तर माझ्या मुलीचे बाळंतपण कुणाच्या हाती सोपवायचे, हा माझा एकच प्रश्न होता, आणि सिमाकच्या भाषणात त्याचे उत्तर नव्हते.

म्हणून मी खिराशना म्हटले, "तुम्हाला ताप आहे, हात भाजलेला आहे. उद्या झोपून राहा. कुणी विचारले तर मी आहे."

"घरात झोपून दिलेल्या नकाराला नकार म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"दुखणं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

उन्हे उतरायच्या आत परसदाराची कडी वाजली. दारात अबू मुजाहिम. हा माणूस आमच्याकडे आजवर पुढच्या दारानेच येत असे आणि तोही चार माणसे बरोबर घेऊन. आज तो चुलवणापाशी राखेत उभा होता आणि त्याला बसायला नको होते.

त्याने बरेच आढेवेढे घेतले. आधी खिराशच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला की बैठकीत तो पट्टी बांधलेला हात पाहिला आणि अल्लाहनेच वाट दाखवली. बैअत तळव्याला तळवा भिडला तरच लागते. मध्ये कापड असेल तर ती कापडाची बैअत, माणसाची नव्हे. नायबाला हात मिळतो, आपले इमान आपल्यापाशी राहते.

"म्हणजे उद्या तुम्ही हात देणार," मी म्हटले.

"देणार आणि देणार नाही."

"नायबाला त्यातलं कोणतं दिसेल?"

"लुबाबाच्या आई, तुम्ही पट्टी बांधा. बाकीचं धर्माचं आहे."

मला हसू आले ते मी गिळले. राग आला तोही गिळला, कारण त्याच क्षणी मला माझा हिशेब दिसला. पुढच्या रांगेत एखादा तरी बांधलेला हात असला, तर घरी झोपलेल्या भाजलेल्या हाताची कुणी विशेष दखल घेणार नाही. मी कापड फाडले आणि अबू मुजाहिमची बोटे एकमेकांना घट्ट बांधून टाकली. त्याच्या तळव्यावर साधा ओरखडाही नव्हता. मुलायम होता, नव्या लोण्यासारखा. जाताना त्याने मला शपथ घातली की ही युक्ती बाहेर फुटता कामा नये. इतरांना ती सुचण्यासारखी नाही, असे त्याचे मत होते.

तो कोपऱ्यावरून वळला नसेल तोच कबीसा आला. त्याला कोपरापर्यंत पट्टी हवी होती. कादिसियाची जुनी जखम उघडली म्हणून सांगायचे होते. मी विचारले, कुठे लागले होते? त्याने खांदा दाखवला. मग कोपरापर्यंत कशाला? तो विचारात पडला आणि म्हणाला, जखम खाली उतरली आहे. गावातली जुनी माणसे म्हणतात की कादिसियाच्या साली कबीसा शेळ्या वळत होता. शेळीने खांद्याला ढुशी दिली असणे अगदीच अशक्य नाही.

त्यानंतर कोण कोण आले ते सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक जण परसातून आला, प्रत्येकाला ही युक्ती एकट्यालाच सुचली होती आणि प्रत्येकाने मला इतरांना न सांगण्याची शपथ घातली. एक जात असताना दुसरा चुलवणामागे दबून राही. दोघे एकदा समोरासमोर आले तेव्हा एकाने विस्तव मागायला आल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने मीठ. मी दोघांनाही काही दिले नाही. घरातले जुनेर संपले तशी मी खिराशची जुनी पगडी फाडली आणि शेवटी माझ्या लग्नातली ओढणीही काढली.

सगळ्यात शेवटी सिमाक आला. दुपारी ज्याने म्हाताऱ्यांना रडवले तो. त्याला नुसती पट्टी पुरेना.

"कोरडी पट्टी पटत नाही," तो म्हणाला. "थोडं रक्त दिसायला हवं."

"कुणाचं?"

त्याने माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिले. मी डाळिंबाचे दाणे चुरगाळून त्याच्या पट्टीवर रंग चढवला. तो हात लांब धरून, मान तिरकी करून त्याने पुन्हा पुन्हा पाहिला आणि प्रसन्न झाला. वक्त्यांना स्वतःचे काम आवडते. मग आत झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला की खिराशसारखी माणसे आहेत तोवर आपल्या पूर्वजांची रीत बुडणार नाही.

 खिराश जागे होते आणि परसातला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता, हे मला सिमाक गेल्यावर कळले. ते उठून बसले होते. मला वाटले, आता चिडतील. त्यांनी फक्त विचारले, "माझी पगडीही गेली का?"

"जुनी होती."

"उद्या नवी बांध," ते म्हणाले. "मी जाणार आहे."

मी बोलायचे ते सगळे बोलले. लुबाबाचे नाव घेतले, आडव्या गर्भाचे सांगितले, बाकीच्यांसारखी त्यांनीही पट्टीवरूनच हात द्यावा आणि घरी यावे, त्यांची पट्टी तरी खरी आहे, असेही म्हटले.  ते म्हणाले की मनात तेच होते. सिमाक परसात आला नसता तर कदाचित तसेच केले असते.

शुक्रवारी मशीद भरली होती. आम्ही बायका मागच्या रांगांत. लुबाबाला घरी ठेवले होते. खुतब्याचे प्रवचन झाले, नमाज झाला आणि प्रवचनाच्या चौथऱ्याच्या, मिंबराच्या, पायथ्याशी नायब बसला. अबू शिमर त्याचे नाव. बारीक अंगाचा, झोपाळू डोळ्यांचा माणूस, उन्हात पडलेल्या सरड्यासारखा. त्याने आधी मोहल्ल्यांच्या म्होरक्यांना पुढे बोलावले.

ते उठले तेव्हाच पहिला खोकला ऐकू आला. मग हसू. पुढची सगळी रांग पांढऱ्या हातांची होती. पांढरे म्हणायचे, पण त्यात माझ्या ओढणीची केशरी किनार एका हाताला, दुसऱ्याला पगडीचा निळा पट्टा. पुढारी एकमेकांच्या हातांकडे पाहत होते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर चोरी झालेल्या माणसाचा संताप होता. माझ्या शेजारची म्हातारी कानाशी लागली, "अगं, यांच्यात काही साथ आली आहे का?" मी म्हटले, "हो, पण ती बायकांना होत नाही."

नायबाने घाई केली नाही. प्रत्येकाला प्रेमाने विचारले. एकाला कुत्रा चावला होता. एक गच्चीवरून पडला होता, तोही नेमका तळव्यावर. कबीसाने कादिसिया सांगितली. सिमाकने काही न बोलता लाल डाग पुढे केला आणि डोळे मिटले.

"फार वाईट झालं," नायब म्हणाला. "हिवाळ्याआधी मोहीम निघायची आहे. टोळीचं निशाण उजव्या हातात धरावं लागतं. अशा जखमी लोकांना मी त्रास देणार नाही. निशाणं तुमच्या चुलतभावांकडे देऊ."

 मग अबू मुजाहिमचा चुलतभाऊ तिसऱ्या रांगेतून उठला आणि बाह्या सारत पुढे निघाला.

छावणीत इतक्या जलद जखम भरल्याचे मी कधी पाहिले नाही. अबू मुजाहिमने दातांनी गाठ सोडली. कबीसाच्या पट्टीचे वेढे काही संपेनात, शेवटी ती त्याच्या पायात अडकली. कुणी अल्लाहची कृपा म्हटले, कुणी मशिदीच्या हवेचा गुण सांगितला. एकामागून एक सगळे पुढे झाले आणि उजव्या हाताने हात दिला, वर डावाही ठेवला, म्हणजे मनात काही शंका राहू नये. कापडाची बैअत आणि माणसाची बैअत हा भेद त्या घाईत कुणाला आठवला नसावा. सिमाक हात देऊन वर दोन वाक्येही बोलला, आणि ती, खरे सांगायचे तर, चांगली होती.

एक पट्टी उरली. खिराश खांबाशी टेकून उभे होते, नवी पगडी बांधून, तापाने डोळे लाल.

नायबाचे लक्ष तिकडे गेलेही नसते. पण अबू मुजाहिमला आपली निष्ठा अजून थोडी दाखवावीशी वाटली. खिराशकडे बोट करून तो म्हणाला, ही सगळी कल्पना त्याचीच. त्याचा हात पाहूनच लोक बहकले. तिथे उभ्या असलेल्या कुणीही त्याला थांबवले नाही. कबीसा पायातली पट्टी सोडवण्यात गुंतला होता.

मी उठले. बायकांनी बोलू नये असे तिथे कुणी म्हणण्याच्या आत मी नायबाला सांगितले की त्यांचा हात डागणीने भाजला आहे, मी स्वतः बांधला आहे, हवे तर सोडून बघा.

"आणि बाकीचे हात कुणी बांधले?" नायबाने विचारले.

"तेही मीच. त्यांना काय झालं होतं ते त्यांनाच विचारा. मला दिसलं नाही."

मागच्या रांगांत हशा पिकला. नायबही हसला, मला वाटते मनापासून. त्याने खिराशना जवळ बोलावले. पट्टी सोडायला लावली. भाजलेले मांस पाहून त्याने तोंड फिरवले नाही. म्हणाला, खजिन्याच्या कामात झालेली जखम आहे, त्याचा मान राखला पाहिजे. हात देऊ नकोस. बाही पुढे कर, मी तिला बोट लावतो, तू तोंडाने हो म्हण आणि घरी जाऊन झोप.

मी त्या वेळी अल्लाहचे आभार मानले. लुबाबाचे बाळ मला दिसू लागले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाबद्दल माझ्या मनात चांगला विचार आला.

खिराशनी बाही पुढे केली नाही. ते फार मोठ्याने बोललेही नाहीत. मागे बसलेल्या आम्हाला ऐकायला पुढे झुकावे लागले.

"जळालाय तो हात. जीभ शाबूत आहे," ते म्हणाले. "खलिफांना मी एकदा शब्द दिलाय आणि ते हयात आहेत. त्यांच्या मुलाला मी ओळखत नाही. त्याच्याबद्दल कुणी आम्हाला विचारलंही नाही. उंट डागतो तेव्हा मी त्याला विचारत नाही, पण तो उंट असतो. मी हो म्हणणार नाही."

"सगळे म्हणालेत."

"सगळ्यांनी कालही काहीतरी म्हटलं होतं."

पुढाऱ्यांच्या रांगेतल्या माना खाली गेल्या. शरम नव्हती ती. सिमाक खाली पडलेली आपली पट्टी पायाने चटईखाली सारत होता.

नायबाने सुस्कारा टाकला. रागावला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मर्वला माणसे कमी आहेत, तो म्हणाला, नव्या चंद्राला जथा निघतो आहे, बायकोला घेऊन जा. मग त्याने पुढचा मोहल्ला बोलावला आणि बैअत चालू राहिली.

त्या दिवशी वाटेत मी नवऱ्याशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले, आणि जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की लुबाबासाठी नायबाकडे मुदत मागता येईल, ते स्वतः जाऊन मागतील. गेलेही. ज्या माणसाला हो म्हटले नाही, त्याच्या दारात हे दुपारभर उन्हात उभे राहिले. नायबाने उत्तर त्यांना दिले नाही, निरोप्याबरोबर मला पाठवले: बाईला बाळंतपण उरकेपर्यंत राहू दे, नवरा जथ्याबरोबर निघेल. मी त्या निरोप्याला सांगितले की भाजलेल्या हाताची पट्टी रोज बदलावी लागते आणि मर्वच्या वाटेवर ते काम येणारे कुणी नाही. मी जथ्याबरोबरच निघेन.

मग जे दिवस हातात होते ते मी लुबाबाच्या घरी काढले. तिच्या जावेला समोर बसवून सगळे दाखवले, गर्भ कसा चाचपायचा, कुठे दाबायचे, कुठे थांबायचे. बाई मंद होती पण तिचे हात चांगले होते. निघायच्या आदल्या सकाळी बाळाचे डोके खाली आले. जन्म मी पाहिला नाही. तो पुढे निरोपाने कळला.

निरोप द्यायला सगळी छावणी आली होती, पुढारी पुढे. अबू मुजाहिम म्हणाला की खिराश आमच्या मोहल्ल्याचा अभिमान आहे. कबीसाने त्यांना मिठी मारली, उजव्या हाताने पाठ थोपटली. सिमाकने भाषण केले आणि पूर्वजांची रीत बुडणार नाही असे पुन्हा सांगितले. म्हातारी माणसे पुन्हा रडली.

मशिदीत पडलेल्या पट्ट्या मी त्या शुक्रवारीच गोळा केल्या होत्या. पायदळी तुडवल्या गेल्या, पण धुतल्यावर स्वच्छ निघाल्या, रक्ताचा थेंब कुठेच लागलेला नव्हता. त्या सगळ्या मी लुबाबाला दिल्या. बाळाच्या दुपट्यांना उत्तम कापड. सिमाकची तेवढी टाकून दिली, डाळिंबाचा डाग निघत नाही. खिराशच्या हाताची मी बरोबर घेतली. ती अजून ओली होती.